पहिल्या काही मिनिटांचा वेग

वेल्ह्याहून केळदच्या दिशेने निघालं की वाटेत पासली लागतं. भातखाचरं, नाचणी, वरई आणि डोंगरउतारावरचं रान असा हा मावळ. पावसाळ्यात इथे इतकं पाणी कोसळतं की उसाच्या वाटेला कुणी जात नाही. ऊस आहे तो खाली, पूर्वेला. वेल्हे-भोरच्या डोंगरांत पडलेला पाऊस कानंदी, गुंजवणी, वेळवंडी या नद्यांमधून नीरेला मिळतो आणि नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांवर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या तालुक्यांतला ऊस पोसला जातो. भोर तालुक्यातच निगडे इथे, अनंतनगरला, राजगड सहकारी साखर कारखाना उभा राहिला. रसायनशास्त्रात अभिक्रियेच्या वेगाची पहिली नीट मोजणी झाली ती साखरेवर. म्हणून वेगाचा नियम कसा शोधतात हे सांगायला उसाइतका सोयीचा दाखला दुसरा नाही.

तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, हे टोळीच्या मुकादमापासून कारखान्याच्या चीफ केमिस्टपर्यंत सगळे जाणतात. ऊस पडून राहिला की तो वाळतो आणि वजन घटतं, हे काट्यावर दिसतं. पण आत आणखी एक गोष्ट चाललेली असते, ती काट्यावर दिसत नाही. उसाच्या पेशींमध्ये इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं. ते साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, रेणूचे पाण्याच्या मदतीने दोन तुकडे करतं: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. दोन्ही गोडच, पण त्यांचे साखरेसारखे दाणे पडत नाहीत. ती मळीत जातात आणि उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेची टक्केवारी, खाली येतो. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, उताऱ्याला बांधलेली आहे. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये असा दर होता. त्यामुळे या फुटणाऱ्या रेणूचा हिशेब अखेर शेतकऱ्याच्या बिलात उतरतो.

ऊस गाळल्यावरही धोका टळत नाही. ताजा रस किंचित आंबट असतो, त्याचा पीएच साधारण ५ ते ५.५. असा रस तसाच तापवला तर आम्ल तेच काम करतं जे विकर करत होतं. म्हणून तापवण्याच्या ओघातच रसात दुधाळ चुना घालून त्याचा पीएच सातच्या आसपास आणतात.

आता प्रश्न असा की ही फूट किती वेगाने होते आणि तो वेग कशाकशावर अवलंबून असतो? रस दुप्पट दाट असेल तर साखर दुप्पट वेगाने फुटेल का? आम्ल निम्मं केलं तर नासाडी निम्मी होईल, की एक चतुर्थांश? याचं उत्तर रासायनिक समीकरणात शोधायचा मोह होतो. समीकरण सांगतं: साखरेचा एक रेणू, पाण्याचा एक रेणू. आम्लाचा त्यात पत्ताच नाही, कारण आम्ल वापरलं जात नाही, ते जसंच्या तसं उरतं. पण वेग तर आम्लावरच चालतो. समीकरण फक्त जमाखर्च सांगतं, किती गेलं आणि किती आलं. ते किती वेळात झालं, हे त्याला ठाऊक नसतं.

हे उत्तर प्रयोगातूनच काढावं लागतं, आणि ते पहिल्यांदा काढलं लुडविग विल्हेल्मी या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने, १८५० साली, हायडेलबर्गमध्ये. त्याच्या हाताशी पोलरीमीटर होता. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याचं प्रतल उजवीकडे वळतं, फुटलेल्या मिश्रणातून गेला की डावीकडे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’ काढतात तो याच तत्त्वावर. दहा टक्के साखरेचं द्रावण वीस सेंटिमीटरच्या नळीत भरलं तर सुमारे १३.३ अंश वळण दिसतं. सगळी साखर फुटली की तोच आकडा शून्याच्या खाली, उणे चारच्या आसपास जातो. म्हणजे द्रावणाला हात न लावता, त्यातलं काही बाहेर न काढता, नुसत्या प्रकाशाने आत किती साखर उरली ते वाचता येतं. विल्हेल्मीने द्रावणात नायट्रिक आम्ल घातलं, ठरावीक वेळाने आकडे टिपले आणि नियम मांडला: साखर घटण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो, आणि आम्लाच्याही प्रमाणात. तीसेक वर्षं या निबंधाकडे कुणी फारसं पाहिलं नाही. पुढे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने तो उजेडात आणला.

विल्हेल्मीच्या नियमात साखरेची संहती आणि आम्लाची संहती अशा दोन राशी एका स्थिरांकाने गुणलेल्या आहेत. संहती म्हणजे एका लिटरमध्ये पदार्थ किती. प्रत्येक संहतीच्या डोक्यावर जो घात बसतो, त्याला त्या पदार्थाबाबतची अभिक्रियेची कोटी म्हणतात. बारावीच्या वर्गात सगळे त्याला ‘ऑर्डर’च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द. पदार्थ दुप्पट केला आणि वेग दुप्पट झाला, तर त्या पदार्थाची ऑर्डर एक. वेग चौपट झाला तर दोन. वेग जागचा हललाच नाही तर शून्य. सगळ्या ऑर्डरची बेरीज म्हणजे एकूण ऑर्डर. साखरेची एक, आम्लाची एक. पाण्याची ऑर्डर या प्रयोगात कळतच नाही, कारण पाण्याचे एका लिटरमध्ये ५५ मोल असतात आणि साखरेचा एक मोलसुद्धा नसतो. सगळी साखर फुटून गेली तरी पाणी जवळजवळ तेवढंच राहतं. जे बदलतच नाही त्याचा परिणाम कसा दिसणार?

महाराष्ट्राच्या बारावी विज्ञानाच्या अभ्यासक्रमात हा सगळा भाग रासायनिक गतिशास्त्राच्या प्रकरणात येतो, आणि परीक्षेत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे आरंभिक वेगांचा तक्ता. तीन-चार प्रयोग, प्रत्येकात सुरुवातीच्या संहती आणि सुरुवातीचा वेग. त्यावरून ऑर्डर काढा. विद्यार्थी भागाकार करतो, उत्तर येतं, गुण मिळतात. पण तो तक्ता मुळात ‘सुरुवातीच्याच’ वेगांचा का असतो, मधल्या किंवा शेवटच्या का नसतो, हे क्वचित कुणी विचारतं. या पद्धतीचं सगळं मर्म तिथेच आहे.

अभिक्रिया सुरू झाली की भांड्यातली परिस्थिती बदलत जाते. साखर कमी होते, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतात, कधी उष्णता निर्माण होते, कधी नव्याने तयार झालेला पदार्थच मूळ अभिक्रियेत ढवळाढवळ करू लागतो. अर्ध्या तासानंतर मोजलेल्या वेगामागे यातलं नेमकं काय आहे हे वेगळं काढणं कठीण. सुरुवातीला मात्र भांड्यात काय आहे आणि किती आहे, हे पक्कं माहीत असतं, कारण ते आपणच मोजून घातलेलं असतं. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ याने १८८४ च्या आपल्या गतिशास्त्रावरच्या ग्रंथात वेग थेट मोजून ऑर्डर काढण्याची रीत मांडली, आणि सुरुवातीचेच वेग तुलनेला घेण्याचा मार्ग तिथून रुळला. १९०१ चा रसायनशास्त्राचा पहिला नोबेल पुरस्कार त्याला मिळाला.

उत्पादनाची ढवळाढवळ म्हणजे काय, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ माक्स बोडेनस्टाइनच्या कामात लख्ख दिसतं. हायड्रोजन आणि आयोडीनची वायुरूप अभिक्रिया त्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तपासली. दोघांचीही ऑर्डर एक निघाली, समीकरणाशी जुळणारी. मग सॅम्युएल लिंडबरोबर त्याने हायड्रोजन आणि ब्रोमीनची जोडी घेतली. समीकरण हुबेहूब तसंच, फक्त आयोडीनच्या जागी ब्रोमीन. पण सुरुवातीच्या वेगात ब्रोमीनची ऑर्डर निघाली अर्धी, आणि जसजसा हायड्रोजन ब्रोमाइड साठत गेला तसतशी अभिक्रिया अपेक्षेपेक्षा मंदावत गेली. स्वतः तयार केलेला पदार्थच तिच्या पायात येत होता. दोन समीकरणं एकसारखी आणि वेगाचे नियम इतके निराळे! १९०६ मधल्या या निकालाचं स्पष्टीकरण मिळायला पुढे आणखी दहा-बारा वर्षं आणि साखळी अभिक्रियांची कल्पना लागली.

पद्धत आता आकड्यांत पाहू. समजा, तीन चंबू घेतले. पहिल्यात साखर लिटरला ०.२ मोल आणि आम्ल ०.५ मोल. दुसऱ्यात साखर ०.४, आम्ल तेवढंच. तिसऱ्यात साखर ०.४ आणि आम्ल १.०. तिन्ही एकाच तापमानाच्या पाण्यात ठेवले. सुरुवातीचे वेग समजा ८, १५.६ आणि ३४.३ असे आले, एकक काहीही असो. पहिल्या-दुसऱ्यात फक्त साखर बदलली, म्हणून १५.६ ला ८ ने भागायचं: १.९५. साखर दुप्पट, वेग १.९५ पट. ऑर्डर काढायला १.९५ च्या लॉगला २ च्या लॉगने भागलं की ०.९६ येतं. ते एकच धरायचं, उरलेलं मोजणीच्या चुकीत जातं. दुसऱ्या-तिसऱ्यात फक्त आम्ल बदललं. ३४.३ भागिले १५.६ म्हणजे २.२, आणि ऑर्डर १.१४.

हा १.१४ पुस्तकातल्या तक्त्यात कधी भेटत नाही. तिथे सगळं २, ४, ८ असं घोटीव असतं. प्रयोगशाळेत मात्र असा आकडा आला की थांबून विचार करावा लागतो. पुन्हा मोजल्यावर तो १.०२ झाला तर हाताची चूक होती. पुन्हा १.१४ च आला, आणि आम्ल आणखी तीव्र केल्यावर तो आणखी वाढला, तर चूक हाताची नाही, नियमाची आहे. साखरेच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. सौम्य आम्लात वेग आम्लाच्या प्रमाणात चालतो. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तो प्रमाणापेक्षा जास्त वाढतो, कारण तिथे लिटरमागे किती आम्ल आहे यावरून त्याच्या प्रोटॉन देण्याच्या ताकदीचा पूर्ण अंदाज येत नाही. म्हणून ऑर्डर सांगताना ती कोणत्या संहतींच्या दरम्यान मोजली हेही सांगावं लागतं. ते न सांगता नुसती ऑर्डर देणं म्हणजे अर्धवट माहिती देणं.

आणि तो ‘सुरुवातीचा वेग’ मोजायचा कसा? कागदावर सोपं आहे: संहती आणि वेळ यांचा आलेख काढायचा आणि शून्य वेळेला स्पर्शरेषा ओढायची. प्रत्यक्षात इथेच कस लागतो. वर सांगितलेल्या दहा टक्क्यांच्या द्रावणात पूर्ण फुटीला एकूण साडेसतरा अंशांचा फरक पडतो. एक टक्का साखर फुटली तर फरक पडतो ०.१७५ अंश. पोलरीमीटरवर ०.०५ अंशापर्यंत वाचता येत असेल तर या मोजणीत तिसरा हिस्सा चुकीचा असू शकतो. म्हणून थोडं पुढे जायचं, पाच-दहा टक्के फुटेपर्यंत वाचनं घ्यायची, म्हणजे फरक ०.८७५ ते १.७५ अंशांच्या घरात येतो. पण फार पुढे गेलं तर ती सुरुवात राहत नाही. या ओढाताणीतून मार्ग काढणं हे प्रयोग करणाऱ्याचं खरं कौशल्य, आणि ते कोणत्याही सूत्रात बसत नाही.

पोलरीमीटर नसेल तर? पासलीसारख्या गावात, घरच्या ओट्यावरही एक अभिक्रिया मोजता येते, आणि तिच्यात स्पर्शरेषा ओढावी लागत नाही. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन, जखम धुण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणायच्या. चौथी वस्तू घरातच असते: भाताची पेज. ती गाळून गार करून घेतली की स्टार्चचं काम चोख करते.

एका पेल्यात आयोडीनचे मोजून थेंब आणि पाण्यात विरघळवलेली गोळी घातली की आयोडीनचा तपकिरी रंग उडतो. व्हिटॅमिन सीने त्याचं आयोडाइड केलेलं असतं. गोळी इतकी घ्यायची की थोडं व्हिटॅमिन सी शिल्लक राहील. दुसऱ्या पेल्यात पेरॉक्साइड, चमचाभर पेज आणि पाणी. दोन्ही एकत्र ओतले की बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग अख्खा पेला एकदम निळाकाळा होतो. मधल्या वेळात पेरॉक्साइड आयोडाइडचं आयोडीन करत असतं आणि व्हिटॅमिन सी ते लगेच परत आयोडाइड करत असतं. व्हिटॅमिन सी संपलं की पहिलं सुटं आयोडीन पेजेतल्या स्टार्चला भिडतं. दर वेळी व्हिटॅमिन सी तेवढंच घेतलं तर निळं होईपर्यंत झालेलं कामही दर वेळी तेवढंच. मग वेग म्हणजे एक भागिले लागलेली सेकंदं. पेरॉक्साइडच्या मानाने व्हिटॅमिन सी थोडंच असेल तर पेरॉक्साइडचा किरकोळ भागच खर्ची पडतो आणि आयोडाइड तर सतत परत तयार होत राहतं. त्यामुळे मोजलेला वेग हा सुरुवातीचाच वेग असतो.

पेरॉक्साइड निम्मं करायचं, पण तेवढंच पाणी वाढवून एकूण द्रावण पहिल्याइतकंच ठेवायचं. ही काळजी घेतली नाही तर बाकीच्या सगळ्या संहती नकळत बदलतात आणि तुलनाच मोडते. नवख्या हातांचे प्रयोग सर्वात जास्त फसतात ते याच जागी. पूर्ण पेरॉक्साइडला समजा ४० सेकंद लागले आणि निम्म्याला ८० च्या आसपास, तर ऑर्डर एक. मग आयोडीनचे थेंब निम्मे करून तसंच पाहायचं. तेव्हा मात्र व्हिटॅमिन सीही हिशेबाने कमी करावं लागतं, कारण सुरुवातीचं आयोडीन उडवण्यात कमी खर्च होतं आणि शिल्लक बदलते.

निकाल काय निघतो? समीकरणात पेरॉक्साइडचा एक रेणू, आयोडाइडचे दोन आयन आणि हायड्रोजनचे दोन आयन आहेत. प्रयोगात पेरॉक्साइडची ऑर्डर एक, आयोडाइडची दोन नव्हे तर एकच, आणि आम्ल सौम्य असेल तोवर हायड्रोजन आयनाची जवळजवळ शून्य. म्हणजे अभिक्रियेची जी सर्वात मंद पायरी सगळ्यांचा वेग ठरवते, तिच्यात पेरॉक्साइडचा एक रेणू आणि एकच आयोडाइड समोरासमोर येतात. दुसरा आयोडाइड आणि हायड्रोजन आयन नंतरच्या झटपट पायऱ्यांत येऊन मिळतात. ऑर्डर काढण्यासाठी एवढा खटाटोप करायचा तो यासाठीच: डोळ्यांना न दिसणाऱ्या पायऱ्यांपैकी अडलेली पायरी कोणती, याचा पुरावा तिच्यातून मिळतो. ऑक्सफर्डमध्ये हारकोर्ट आणि एसन यांनी १८६० च्या दशकात पेरॉक्साइड आणि आयोडाइडच्या याच जोडीवर वेगाचे धडे गिरवले होते. बारावीच्या गणितांत भेटणारी नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन ही जोडीही याच जातीची: समीकरणात दोघांचे दोन-दोन रेणू, प्रयोगात ऑर्डर दोन आणि एक.

आता पुन्हा उसाकडे, पण या वेळी आम्ल नाही, विकर. इन्व्हर्टेजचा नियम आम्लासारखा सरळ नाही, आणि तो शोधताना आरंभिक वेगांच्या पद्धतीने जे करून दाखवलं त्याला तोड नाही. पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी याने १९०३ पर्यंत या विकरावर बरंच काम केलं होतं आणि सूत्रही जवळजवळ बरोबर मांडलं होतं. पण त्याच्या आकड्यांत दोन त्रुटी होत्या. एक, द्रावणाचा पीएच सांभाळलेला नव्हता. दुसरी फारच गमतीची. साखर फुटल्यावर जे ताजं ग्लुकोज सुटतं ते प्रकाशाला जास्त वळवतं, ११२ अंशांच्या हिशेबाने. मग ते हळूहळू आपलं रूप पालटतं आणि ५२.७ वर स्थिरावतं. तीव्र आम्लात हे पटकन होतं. विकराच्या सौम्य द्रावणात त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पोलरीमीटर खोटं सांगत राहतो.

बर्लिनमध्ये लेओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटन यांनी १९१३ मध्ये या दोन्ही त्रुटी दूर केल्या. पीएच बांधून ठेवला. ठरावीक वेळाने नमुने काढून त्यात अल्कली घातली. तिने विकर तिथल्या तिथे थांबलं आणि ग्लुकोजचं रूपांतरही झटकन पूर्ण झालं. मग निवांत वाचन घेतलं. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे त्यांनी फक्त सुरुवातीचे वेग तुलनेला घेतले, कारण तयार होणारं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज विकराला अडवतात, हे त्यांना ठाऊक होतं. तो अडथळा त्यांनी वेगळा मोजलासुद्धा.

त्यांचे आकडे आजही पाहण्यासारखे आहेत. साखर लिटरला ०.००५२ मोल असताना वेग ०.८६६. ती दुप्पट, ०.०१०४, केल्यावर १.४६६. पुढे दर वेळी दुपटीने वाढवत ०.०४१६ ला २.६६६, ०.०८३३ ला ३.२३६. आणि ०.१६७ ला ३.६३६, ०.३३३ लाही ३.६३६. वरची रीत लावून पाहावी. पहिल्या जोडीत वेग १.६९ पट झाला, ऑर्डर सुमारे ०.७६. मधल्या ०.०४१६ आणि ०.०८३३ या जोडीत ऑर्डर ०.२८. शेवटच्या जोडीत शून्य. एकच अभिक्रिया, एकच विकर, आणि ऑर्डर पाऊणवरून पावावर आणि पावावरून शून्यावर घसरत गेली. कारण साधं आहे. साखर थोडी असते तेव्हा विकराचे बरेच रेणू रिकामे असतात, म्हणून साखर वाढवली की काम वाढतं. साखर भरपूर झाली की विकराचा प्रत्येक रेणू आधीच गुंतलेला असतो, मग आणखी साखर ओतून उपयोग नाही. वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ती संहती त्यांनी ०.०१६७ मोल काढली. पुढे जैवरसायनशास्त्रात मिखाएलिस स्थिरांक म्हणून जी राशी घरोघरी झाली, ती हीच. उसाचा रस याच्या कितीतरी पट दाट असतो. त्यामुळे रसात हे विकर शून्य ऑर्डरच्या बाजूला काम करतं: नासाडीचा वेग साखर किती आहे यावर नव्हे, तर विकर किती आणि तापमान किती यावर ठरतो.

ऑर्डर बदलण्याचा असाच एक प्रसंग मुंबईत, माटुंग्याला घडला. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. आयसीटी या नावाने आज ओळखली जाणारी संस्था ती हीच. तिथे प्रा. एम. एम. शर्मा यांनी केंब्रिजहून, पीटर डँकवर्ट्स यांच्याकडून, परतल्यावर वायू आणि द्रव यांच्यातल्या अभिक्रियांचा अभ्यास उभा केला. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांच्या प्रयोगशाळेतून १९६८ साली झवेरी आणि शर्मा यांचा एक निबंध आला. विषय होता सोडियम डायथायोनाइटचं द्रावण हवेतला ऑक्सिजन कसा शोषतं. नाव अवघड वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे. रंगाऱ्यांकडे व्हॅट रंग विरघळवायला वापरतात ते ‘हायड्रोज’ हेच, आणि कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काहीजण जी पावडर टाकतात तीही हीच.

वायू आणि द्रव यांच्या अभिक्रियेत सुरुवातीचा वेग मोजताना एक वेगळीच अडचण असते. ऑक्सिजन आधी द्रवात शिरला पाहिजे, मग अभिक्रिया. मोजलेला वेग अभिक्रियेचा आहे की नुसत्या शिरण्याचा, हे कसं ओळखायचं? एक पडताळा सोपा आहे: ढवळण्याचा वेग वाढवून पाहायचा. आकडा त्याबरोबर वाढला तर मोजलं गेलं ते शिरणं, आणि त्यावरून काढलेली ऑर्डर फुकट. वायू-द्रव अभिक्रियांच्या कामात या पडताळ्याशिवाय पुढे जात नाहीत, ते यामुळेच.

झवेरी आणि शर्मा यांना ऑक्सिजनची ऑर्डर शून्य मिळाली. डायथायोनाइटची मात्र दोन वेगवेगळी: लिटरला ०.०८ मोलच्या खाली एक, त्याच्या वर दोन. केवळ सौम्य द्रावणांवर मोजून कुणी थांबलं असतं तर त्याने ‘ऑर्डर एक’ असं ठामपणे लिहिलं असतं, आणि दाट द्रावणासाठी त्या आधाराने केलेली गणितं सपशेल चुकली असती.

या नियमांचा पुढे एक सुंदर उपयोग झाला. ढवळणाऱ्या टाकीत हवेचे असंख्य बुडबुडे असतात. त्यांचं एकूण क्षेत्रफळ किती, हे पट्टी लावून कोण मोजणार? शर्मा आणि डँकवर्ट्स यांनी १९७० मध्ये अशा मोजणीच्या रासायनिक पद्धतींचा सविस्तर आढावा घेतला. वेगाचा नियम पक्का माहीत असलेली अभिक्रिया टाकीत घडवायची, वायू किती वेगाने शोषला जातो ते पाहायचं आणि उलट गणिताने क्षेत्रफळ काढायचं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे एल. के. दोराईस्वामी आणि शर्मा यांनी मिळून १९८४ मध्ये विषमांगी अभिक्रियांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. जिथे दोन अवस्था एकमेकींना भिडतात अशा अभिक्रियांचं गणित आणि अशा टाक्यांचा आराखडा हाच त्याचा विषय. हायड्रोज वापरून क्षेत्रफळ काढणाऱ्याला मात्र टाकीतलं द्रावण ०.०८ च्या कोणत्या बाजूला आहे हे आधी ठरवावं लागतं, कारण उलट गणितात घात एक घालायचा की दोन, हे त्यावरच अवलंबून असतं.